वाढत्या अंगाची खरेदी

लहान मुलांचे कपडे सहसा फाटत नाहीत, आखूड होतात. मोठ्यांच्या आणि मुलांच्या कपडेखरेदीतला सगळा फरक इथेच आहे. आपण चांगल्या कापडाचा शर्ट घेतला तर तो पाच-सहा वर्षं चालतो, म्हणून त्याला चार पैसे जास्त मोजणं परवडतं. तितक्याच चांगल्या कापडाचं झबलं मात्र तीन महिन्यांत बाळाच्या अंगात शिरेनासं होतं. तेव्हा मुलांच्या कपड्याबाबत 'केवढ्याला पडला?' या प्रश्नाचं खरं उत्तर दुकानात मिळत नाही. तो किती महिने अंगाला बसला आणि तेवढ्यात किती वेळा घातला गेला, हे पाहिल्यावर मिळतं.

समजा, लग्नासाठी दीड हजारांचा घागरा घेतला आणि तो दोनदाच घातला गेला. एका वेळचे झाले साडेसातशे रुपये. अडीचशेचा सुती फ्रॉक वर्षभरात पन्नास वेळा घातला, तर एका वेळचे पाच. हौसेचं काही घेऊच नये असा याचा अर्थ नाही. हौस कुठे करायची आणि हात कुठे आखडता घ्यायचा, हे या भागाकारातून कळतं, एवढंच.

मूल किती भराभर वाढतं?

जन्मतः बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात तिच्यात सुमारे २५ सेंटिमीटरची भर पडते आणि वजन तिपटीच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षी उंची १० ते १२ सेंटिमीटरनं वाढते. त्यानंतर वेग मंदावत जातो आणि शाळेच्या वयात तो वर्षाला ५ ते ७ सेंटिमीटरवर येतो. वयात येताना पुन्हा एकदा मूल झपाट्यानं उंच होतं. प्रत्येक मुलाची चाल थोडी वेगळी असली, तरी खरेदीचं वेळापत्रक या आकड्यांतून बांधता येतं.

पहिल्या वर्षी तीन महिन्यांपलीकडची खरेदी करूच नये. अगदी लहान मापाचे कपडे दीड-दोन महिन्यांत आटोपतात. शिवाय बाळंतविडा आणि बारशाचा आहेर यांतून झबली-टोपरी इतकी येतात, की काही घडीही न मोडता आखूड होतात. 'बाळाला काय आणू?' असं कोणी जवळचं विचारलं, तर संकोच न करता 'पुढच्या मापाचं आणा' असं सांगावं. त्यात ऋतूचाही हिशेब धरावा. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाला वर्षाच्या मापाचे कपडे पुढच्या पावसाळ्यात लागणार. त्या मापाचा लोकरीचा स्वेटर घरात असून नसल्यासारखाच. या वयात बटणांपेक्षा पुढून बांधायच्या बंदांची झबली बरी. बंद सैल-घट्ट करता येतात, त्यामुळे तेच झबलं थोडे दिवस जास्त चालतं आणि मान न सावरणाऱ्या बाळाला डोक्यावरून काही चढवावं लागत नाही.

दोन वर्षांनंतर गणित सोपं होतं. आपल्याकडच्या स्थानिक दुकानांत १८, २०, २२, २४ असे दोन-दोनांच्या पायरीनं नंबर असतात, आणि साधारण वर्षाला एक नंबर वाढतो असं धरायला हरकत नाही. म्हणून रोजच्या कपड्यांत एक नंबर मोठा घ्यावा. दोन नंबर मोठा घेण्याचा मोह मात्र टाळावा. ढगळ कपड्यात मूल अडखळतं, खांदे उतरतात, म्हणून तो कपाटातच राहतो. आणि मापात बसायची वेळ येते तेव्हा त्याचा रंग उडालेला असतो. रेनकोट आणि स्वेटर यांना अपवाद करता येतो, कारण ते दुसऱ्या कपड्यांवरून घालायचे असतात आणि बाह्या दुमडता येतात. रेनकोट तर दप्तरासकट अंगावर चढायला हवा.

वेष्टनावर लिहिलेल्या वयावर विसंबू नये. '४-५ वर्षं' लिहिलेला एका कंपनीचा शर्ट दुसऱ्या कंपनीच्या '५-६'पेक्षा मोठा निघतो. त्याऐवजी मुलाला सध्या नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट पिशवीत टाकून न्यावी आणि नवा कपडा त्यावर ठेवून पाहावा. ऑनलाइन मागवताना उंची, छाती, कंबर आणि पायाची आतली लांबी ही चार मापं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावीत आणि दर तीन-चार महिन्यांनी नव्यानं घ्यावीत.

आधी कपाट उघडा

बाजारात जाण्यापूर्वी मुलाचे सगळे कपडे पलंगावर काढा आणि तीन ढीग करा: होणारे, आखूड झालेले आणि होत असूनही न घातलेले. तिसरा ढीग सर्वांत बोलका असतो. जरीकाम टोचतं, गळा घट्ट आहे, पँटचं बटण मुलाला स्वतःला लावता येत नाही, अस्तर नाही, अशी कारणं त्यातून निघतात. त्याच चुकीचा आणखी एक कपडा विकत आणायचा नाही, ही पहिली बचत.

मग किती जोड लागतात ते ठरवा. हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: घरात धुणं किती दिवसांनी होतं आणि कपडे वाळायला किती वेळ लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात दोरीवरचा फ्रॉक तासाभरात वाळतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये तोच फ्रॉक दोन दिवस ओलसर राहतो. म्हणून पावसाळ्यासाठी दोन-तीन जोड जास्त धरावेत, आणि तेही पातळ, लवकर वाळणारे. शाळेत जाणाऱ्या मुलाला घरात आणि खेळायला पाच-सहा जोड, बाहेर जायला तीन आणि समारंभासाठी एक एवढे कपडे बहुतेक घरांत पुरतात. घरातल्या पँट काळ्या, निळ्या किंवा राखाडी घेतल्या, तर कोणत्याही टी-शर्टवर चालतात आणि थोड्या कपड्यांत जास्त जोड्या जमतात. पहिल्या मुलासाठी घेतानाच मुलगा-मुलगी दोघांना चालतील असे रंग निवडले, तर तेच कपडे धाकट्या भावंडाला येतात.

कापड, शिवण आणि माया

कपडा हातात आला की आधी उलटा करून पाहावा. बाहेरून नक्षी कितीही सुंदर असली, तरी आयुष्य ठरतं ते आतल्या बाजूला. टाके बारीक आणि सारखे आहेत का, काखेत आणि पँटच्या मध्यशिवणीत दुहेरी टीप आहे का, दोरे लोंबत आहेत का, हे पाहावं. शिवण दोन्ही बाजूंनी हलकी ताणावी. टाक्यांमधून उजेड दिसू लागला, तर दोन-तीन धुण्यांत ती उसवणार.

त्यानंतर माया बघावी. शिवणीत आत किती कापड सोडलंय आणि खालची दुमड किती रुंद आहे, यावर तो कपडा पुढच्या वर्षी वाढवता येईल की नाही हे ठरतं. दोन इंचांची दुमड असलेला फ्रॉक पुढच्या वर्षी उसवून खाली सोडता येतो. ओव्हरलॉक करून कडेनं कापलेल्या स्वस्त फ्रॉकमध्ये सोडायला काहीच नसतं. पँट घेताना कंबरेला आतून काज असलेलं, बटणावर सैल-घट्ट होणारं इलॅस्टिक असेल, तर ती हमखास जास्त चालते. इलॅस्टिक पूर्ण शिवून टाकलेलं नसून नेफ्यात ओवलेलं असेल, तर सैल पडल्यावर घरीच बदलता येतं. मुलं आधी उंच होतात आणि कंबर मागून वाढते, म्हणून पूर्ण पँट आखूड झाली की गुडघ्याखाली कापून तिची चड्डी करून घ्यावी. उन्हाळा त्यात निघतो.

कापडाच्या बाबतीत लहान बाळासाठी मलमल आणि मऊ सुती होजिअरी यांना पर्याय नाही. थोड्या मोठ्या मुलांच्या बाहेरच्या कपड्यांना सुती आणि पॉलिस्टरचं मिश्रण चालतं. ते लवकर वाळतं, चुरगळत नाही आणि रंगही टिकवतं. सुती कपडा पहिल्या धुण्यात थोडा आटतो, हे धरून माप घ्यावं. टी-शर्ट उजेडासमोर धरला असता हात स्पष्ट दिसत असेल, तर तो लवकर विरणार. छापील चित्राचा जाड रबरासारखा थर बोटानं दुमडून पाहावा. तिथे भेगा दिसल्या, तर ते चित्र महिन्याभरात सोलवटेल.

दोन बाबतींत स्वस्त-महाग असा विचारच करू नये. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या कपड्यांवर सैल बटणं, मणी, टिकल्या नकोत. त्या तोंडात जातात. टोपीला किंवा गळ्याशी लांब दोऱ्याही नकोत. आणि दिवाळीत फटाक्यांजवळ जाताना घेरदार, नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे टाळावेत. ते पेट घेतल्यावर वितळून कातडीला चिकटतात. त्या वेळेपुरता अंगाबरोबर बसणारा सुती कपडा असावा, मग तो जुना का असेना.

कधी आणि कुठे घ्यावं?

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा मुलांच्या कपड्यांसाठी सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचा काळ. त्याउलट आषाढात लग्नकार्यं थांबलेली असतात, तेव्हा दुकानांत सेल लागतात. मोठ्या ब्रँडचे हंगामअखेरचे सेल साधारण जुलैमध्ये आणि जानेवारीत असतात. पितृपक्षात पुष्कळ लोक नवं काही घेत नाहीत, त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाइकाशी बोलायला सवड असते आणि घासाघीसही जमते. ज्यांना पक्ष पाळायचा नसेल त्यांनी दिवाळीची खरेदी तेव्हाच उरकावी.

सेलमध्ये पुढच्या वर्षासाठी घ्यायचं ते फक्त साधं: टी-शर्ट, चड्ड्या, रात्रीचे कपडे, स्वेटर. ठरावीक दिवसासाठीचा नेमका बसायला हवा असलेला पोशाख वर्षभर आधी घेऊन ठेवणं हा जुगार आहे. 'दोनवर दोन फुकट' या पाटीपुढे उभं राहून यादी काढावी. यादीत एकच टी-शर्ट असेल, तर बाकीचे तीन फुकट नाहीत.

ठिकाणाच्या बाबतीत ज्याचं काम त्यानं करावं. पुण्यात तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता, नागपुरात इतवारी, कोल्हापूरजवळ गांधीनगर, मुंबईत दादर आणि मुंबईजवळच्या उल्हासनगरच्या बाजारपेठा इथे रोजचे कपडे मॉलपेक्षा कमी भावात मिळतात. गांधीनगरसारख्या घाऊक बाजारात एक-दोन नग मिळतीलच असं नाही. तिथे तीन-चार घरांनी मिळून जावं आणि वेगवेगळ्या मापांचा संच वाटून घ्यावा. तमिळनाडूतलं तिरुपूर हे होजिअरीचं देशातलं मोठं केंद्र. तिथल्या निर्यातीतून उरलेला माल बऱ्याच शहरांत रस्त्याकडेच्या दुकानांत येतो. त्यातले टी-शर्ट कापडानं उत्तम असतात. एखादा टाका चुकलेला, एखादा डाग, एवढंच नीट तपासून घ्यावं.

शिंप्याचा पर्याय विसरू नये. मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये किंवा आपल्या गावच्या कटपीसच्या दुकानात मीटर-दीड मीटरचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. लहान मुलीचा फ्रॉक त्यात सहज बसतो. आईच्या विरलेल्या सुती साडीचा पदर आणि काठ बहुतेक वेळा शाबूत असतात, त्यातून परकर-पोलकं निघतं. शिवून घेताना 'वाढत्या अंगाचं शिवा, खाली दोन इंच दुमड आणि बाजूला माया ठेवा' असं स्पष्ट सांगावं. शिलाई जास्त पडत असली, तरी तो कपडा दोन वर्षं चालला तर फायदा आपलाच.

गणवेश

गणवेश हा वर्षात सर्वाधिक वेळा घातला जाणारा कपडा आहे. त्यामुळे भागाकार त्याच्या बाजूनं आहे आणि इथे कापडात काटकसर करू नये. जूनमध्ये घेतलेला गणवेश मार्चपर्यंत चालवायचा असतो. तेवढ्यात मूल सुमारे दोन इंच वाढतं, म्हणून पँट, स्कर्ट आणि पिनाफोरला किमान तेवढी दुमड हवीच. गेल्या वर्षीचा जोड थोडा आखूड झाला असला, तरी पावसाळ्यात कपडे न वाळल्यास तिसरा म्हणून उपयोगी पडतो, तेव्हा लगेच देऊन टाकू नये.

शाळेनं ठरावीक दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती करू नये, असे शालेय शिक्षण विभागाचे आदेश आहेत. रंग आणि नमुना शाळा ठरवू शकते. त्यामुळे एका वर्गातल्या आठ-दहा पालकांनी नमुन्याचा तुकडा घेऊन एकत्र तागा विकत घेतला आणि एकाच शिंप्याकडे दिला, तर कापड आणि शिलाई दोन्हींत भाव करता येतो. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनांतून मोफत गणवेश मिळतो. आपलं मूल अशा शाळेत असेल, तर स्वतः खरेदी करण्याआधी मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी.

एका दिवसाचे कपडे

बोरन्हाणाचं काळं झबलं, गोकुळाष्टमीचा कृष्ण, आषाढीच्या दिंडीतला वारकरी, गॅदरिंगमधला मावळा, मुंजीचं सोवळं. हे सगळे कपडे हौसेचे आणि एकाच दिवसाचे. यांतलं काहीही विकत घेण्याआधी सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारावं. दर घरात एक तरी असा पोशाख पडून असतो. न मिळाल्यास ड्रेपरीवाल्याकडून एका दिवसाच्या भाड्यानं आणावा. बोरन्हाणासाठी साधा काळा सुती फ्रॉक किंवा कुर्ता घेऊन त्यावर हलव्याचे दागिने घातले, की तोच कपडा नंतर थंडीत रोज वापरता येतो.

लग्नासाठी झगमगीत एकसंध पोशाखापेक्षा सुटे भाग घ्यावेत. रेशमी काठाचा परकर वेगवेगळ्या पोलक्यांवर चालतो. मुलाचं जाकीट साध्या कुर्त्यावर चढवलं, की समारंभाचा वेश होतो आणि कुर्ता नंतरही कामी येतो.

दिलेले आणि घेतलेले

तान्ह्या बाळाला आधी जुने, धुऊन मऊ झालेले कपडे घालण्याची पद्धत आपल्याकडे कित्येक घरांत आहे. जुन्या लुगड्याची दुपटी, मोठ्या भावंडाची झबली हे त्यातलंच. यात कमीपणा काहीच नाही. अनेकदा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं आणि नव्या कापडावरची खळ आणि जादा रंगही तोवर निघून गेलेला असतो. घेतलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. आतले कपडे आणि बूट मात्र वापरलेले घेऊ नयेत. बुटाला पहिल्या मुलाच्या पावलाचा आकार आलेला असतो.

धाकट्याच्या मनाचाही विचार हवा. प्रत्येक वेळी दादाचंच उतरलेलं मिळालं, तर त्याला ते लागतं. वाढदिवस आणि दिवाळी या दोन वेळा तरी त्याला त्याच्या पसंतीचं नवं घ्यावं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या ठरलेल्या रकमेतले दोन-तीन पर्याय समोर ठेवून निवडू द्यावं. स्वतः निवडलेला कपडा मूल आवडीनं घालतं, आणि भागाकारात तेही धरलेलं बरं.

निगा आणि बिल

कपडा टिकवणं ही खरेदीची दुसरी बाजू. वरण-भाताचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो म्हणून घाबरू नये. धुऊन थेट उन्हात वाळत घातला, की हळदीचा रंग उन्हानं उडतो. दुधाचे डाग आधी गार पाण्यानं काढावेत, कारण गरम पाण्यात ते पक्के बसतात. छापील टी-शर्ट उलटे करून धुवावेत. तान्ह्या बाळाचे कपडे डांबर गोळ्यांत ठेवू नयेत. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या लाल रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. त्याऐवजी पूर्ण वाळलेल्या कपड्यांत कडुनिंबाचा सुकवलेला पाला ठेवावा.

बिल मागून घ्यावं आणि महिनाभर जपावं. शिवण उसवलेली, चेन तुटलेली, असा सदोष माल परत न घेणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. माप चुकलं किंवा रंग आवडला नाही, याला हा कायदा लागू होत नाही, म्हणून बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधीच विचारावं. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. सूट देऊन वर जीएसटी लावला, तर हरकत घ्यावी. सप्टेंबर २०२५पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के जीएसटी आहे. सीमेवरच्या किमतीचा घागरा निवडताना हेही लक्षात असू द्यावं. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटचं सांगणं आखूड झालेल्या ढिगाबद्दल. 'राहू दे, कुणाला तरी होईल' म्हणून ते कपडे वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवू नका. तिथे इलॅस्टिक सैल पडतं, पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात आणि ज्याला ते आज झाले असते, ते मूलही तोवर वाढून जातं. कपडा चांगला असेल, तर धुऊन याच आठवड्यात देऊन टाका.